साखरतर

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जुलेखाबी गेदर कापते.
मी काळजं मागते.
"मासा नको?" दर वेळी विचारते, सुरी न थांबवता.
"मांजराचं खाणं पैसे देऊन कोण नेतं!"
तरी पिशवी भरून देते,
आणि बर्फाचे पैसे तेवढे घेते.

तिसऱ्या दिवशी काचेच्या नळीतून
मीठ वाढवत नेलं की उतरतं ते थेंब थेंब,
आगळासारखं लाल.
एका रेणूत एकच लोखंड.
कुंपणाच्या जांभ्यात आहे तेच,
फक्त इथे ते गंजून बसत नाही.
घेतलं की गुलाबी.
देऊन टाकलं की विटकरी.

सायटोक्रोम सी.
बाबांना सांगताना मी म्हटलं, होडी समजा.
अलीकडे एक थोरलं प्रथिन, पलीकडे दुसरं,
खाल्लेल्या साखरेतला इलेक्ट्रॉन हिने तिकडे न्यायचा,
तिथे श्वासातला ऑक्सिजन ताटकळत असतो.
"म्हणजे साखरतर," बाबा म्हणाले
आणि पुन्हा पेपरात शिरले.
गावाच्या नावावर विनोद करायची त्यांची जुनी खोड.
मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

पूल व्हायच्या आधी
धाकू शिवलकरांच्या तरीतून आम्ही शाळेत जायचो.
ती होडी धक्क्याला कधी पुरती लागलीच नाही,
वीतभर पाणी उरलेलं असतानाच आमच्या उड्या.
तीच वीत मी अकरा वर्षं मोजते आहे.
इलेक्ट्रॉन ती चालत नाही, पोहत नाही.
इथे असतो. मग तिथे असतो.
मधल्या पाण्याला विचाराल
तर ते शपथेवर सांगेल, कुणी गेलं नाही.

बेंगळुरूच्या यंत्रात
पापणी लवायच्या आत गोठवलेले चार लाख जोड.
थोरलं प्रथिन लख्ख दिसतं, फांदी न् फांदी,
आणि धक्क्याशी, जिथे होडी हवी,
तिथे धुकं.
चार लाख होड्या, प्रत्येक जराशी वेगळी कललेली,
एकीवर एक ठेवल्या
की होडी उरत नाही,
डुलणं उरतं.

परीक्षकाने लिहिलं, चिकटवून बघा.
बघितलं.
चिकटवणाऱ्या रसायनाचा एक थेंब,
आणि आली की होडी! काठ, तळ, नाळ,
लायसिनच्या शेपट्या बोटांनी मोजाव्यात अशा.
मी पेढे वाटले. जुलेखाबीलाही दिला,
तिने तो भाचीसाठी पदरात बांधला.

मग, राहून राहून, रंग तपासला.
इलेक्ट्रॉन चढतो. एकदा.
होडी गुलाबी होते,
आणि गुलाबीच राहते.

धाकूआजोबांची तर आता माडाखाली पालथी,
आत कोंबड्या अंडी घालतात.
दोन्ही चित्रं त्यांना मोबाईलवर दाखवली,
कोणतं बरं ते सांगितलं नाही.
लख्ख चित्रावर त्यांनी बोट ठेवलं.
"ही बांदलेली हाय."
धुक्यापाशी बराच वेळ थांबले,
मोबाईल लांब धरून, जवळ धरून.
"तवा भरती व्हती का ओहोटी?"

आता मिठाचं प्रमाण त्यांना कसं सांगायचं!
कमी पडलं तर होडी चिकटून बसते,
जास्त झालं तर किनाऱ्याला फिरकत नाही.
वहीत बघितलं. समुद्राच्या पावपट.
म्हटलं, "खाडीचं पाणी, आजोबा. वरच्या अंगाचं."

"मंग डुलनारच," ते म्हणाले,
आणि कोंबडी हाकलून
नाळेच्या आतून एक अंडं काढून
माझ्या हातावर ठेवलं, अजून ऊन.